दुर्मीळ पाहुण्यांची नोंद



साहित्याच्या व्यासपीठावरून पक्ष्यांविषयी बोलायचे, म्हणजे विषयांतर झाले असे काहींना वाटेल. म्हणून सुरुवात एका शब्दापासूनच करतो. आपण बडोदेकर मराठी माणसे दोन भाषांत वाढतो, त्यामुळे हा शब्द आपल्याला नवा नाही. गुजरातीत एका लहानशा काळ्यापांढऱ्या पक्ष्याला ‘दिवाळीघोडो’ म्हणतात. मराठीत तोच पक्षी धोबी किंवा परीट. पाण्याच्या काठाशी, मैदानात, कधी घराच्या गच्चीवरही तो तुरुतुरु चालतो आणि शेपटी सारखी वरखाली हलवतो. मराठी माणसाला त्यात धुणे आपटणारा परीट दिसला. गुजराती माणसाने मात्र त्याच्या येण्याची तिथीच नावात घालून ठेवली. हा पक्षी उन्हाळा हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला काढतो आणि दिवाळीच्या सुमारास आपल्या अंगणात हजर होतो. ज्या कोणी हे नाव प्रथम उच्चारले, त्याच्याजवळ दुर्बीण नव्हती आणि वहीही नव्हती. तरी त्याने एक अचूक नोंद केली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

आजचा विषय आहे शरदातील स्थलांतर आणि त्यात क्वचित दिसणारे पक्षी. दुर्मीळ पक्ष्याचे दर्शन हा भाग्याचा प्रसंग आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही. पण माझे म्हणणे असे की, दुर्मीळ पक्षी पाहण्यापेक्षा त्याची खरी साक्ष देणे अवघड आहे, आणि ती साक्ष नेहमीच्या पक्ष्यांच्या रोजच्या ओळखीवर उभी असते. आज मी हेच उदाहरणांनी मांडणार आहे.

आधी शरदात घडते काय ते पाहू. नैर्ऋत्य मान्सून सप्टेंबरच्या मध्यानंतर पश्चिम राजस्थान आणि कच्छकडून मागे फिरू लागतो. पावसाने गवत माजलेले असते, किडे भरपूर असतात, तळी तुडुंब असतात. त्याच वेळी सैबेरिया, मंगोलिया, कझाकस्तान या भागांत थंडी पडू लागते आणि तिकडचे पक्षी दक्षिणेला निघतात. सगळे एकाच दिवशी येत नाहीत. चिखलात चोच खुपसणारे लांब पायांचे पाणपक्षी ऑगस्टमध्येच दिसू लागतात. भुवई बदक आणि चक्रांग ही बदके त्यांच्या मागोमाग येतात. थापट्या, तलवार बदक, लालसरी यांची गर्दी दिवाळीनंतर वाढते. पट्टेरी राजहंस हिमालय ओलांडून येतात, तेव्हा आपल्याकडे स्वेटर बाहेर निघालेले असतात.

याच दिवसांत काही पक्षी आपल्याकडून जातातही. मराठी कवितेने ज्याला पावसाच्या थेंबाची वाट पाहायला बसवले आहे तो चातक मे-जूनमध्ये आफ्रिकेतून येतो. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते, आणि पिल्ले सातभाईच वाढवतात. पावसाळा सरला की ही नवी पिढी जन्मदात्यांची ओळखही नसताना समुद्रापलीकडच्या प्रवासाला लागते. वाट दाखवणारे वडीलधारे बरोबर नसतात. जाण्याची दिशा आणि वेळ ती जन्मतःच घेऊन आलेली असते. स्थलांतर करणाऱ्या इतर अनेक लहान पक्ष्यांचेही असेच आहे. शरदात भलत्याच ठिकाणी सापडणाऱ्या पक्ष्यांत पहिल्याच प्रवासाला निघालेली अशी कोवळी पोरे पुष्कळ असतात. वाऱ्याने थोडे भरकटवले की त्यांची वाट चुकते, आणि आपल्या वहीत एक दुर्मीळ नोंद होते.

आता दुर्मीळ म्हणजे काय? हा शब्द आपण पक्ष्याला गुणासारखा चिकटवतो. खरे तर तो बहुतेक वेळा पक्षी, जागा आणि काळ यांच्या संबंधाविषयी बोलत असतो. याचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव १९१० च्या सुमारास, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. बांधणाऱ्यांच्या मनात भाताची खाचरे होती, बदके नव्हती. पण पाणी साठले आणि पक्ष्यांनी ते हेरले. २०२१ मध्ये या तलावाला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. मोठी लालसरी हे शेंदरी डोक्याचे आणि लाल चोचीचे देखणे बदक पश्चिम भारतात इतरत्र क्वचित दिसते. वढवाण्यावर ते दर हिवाळ्यात नियमाने येते. म्हणजे मुंबईच्या पक्षिमित्राला जे बदक दिसले म्हणून तो मित्रांना फोन करत सुटेल, ते बडोद्याच्या पक्षिमित्राला दरवर्षीचे ओळखीचे असते.

दुसरे उदाहरण अमूर ससाण्याचे. कबुतराएवढा हा शिकारी पक्षी ईशान्य चीन आणि सैबेरियाच्या आग्नेय भागात वीण करतो आणि हिवाळ्यासाठी थेट आफ्रिकेच्या दक्षिणेला जातो. नोव्हेंबरात लोणावळ्याच्या माळावर किंवा गोव्यात एखादा दिसला तरी निरीक्षक धावत जातात. पण त्याआधी काही दिवस नागालँडमधल्या दोयांग जलाशयावर हाच पक्षी लाखांनी जमलेला असतो. २०१२ मध्ये तिथल्या पांगती गावाजवळ तो जाळी लावून हजारोंनी मारला जात असल्याचे उघड झाले. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार थांबवली, आणि तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क ठेवणारी यंत्रे बसवण्यात आली. ते भारतीय द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्रावरून ३,००० किलोमीटरच्या आसपास न थांबता उडत सोमालियाला पोचले. आपल्याला एखादा दिसतो तो या लाखांतला. तो आपल्याकडे उतरत नाही म्हणून आपण त्याला दुर्मीळ म्हणतो, पण आपल्या डोक्यावरून जाणाऱ्यांची मोजदाद कोणी केली आहे?

हे झाले जागेचे. आता ओळखीकडे वळू. त्यासाठी कच्छकडे जावे लागेल. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कच्छच्या काटेरी झुडपांत आणि गवताळ बन्नीत असे पक्षी दिसतात, जे भारतात इतरत्र फारसे दिसत नाहीत. ते इथे राहायला येत नाहीत. मध्य आशिया आणि त्यापलीकडून पूर्व आफ्रिकेकडे जाताना कच्छमध्ये ते थोडे थांबतात, पावसानंतरच्या किड्यांवर ताव मारतात आणि पुढे निघतात. परतीचा रस्ता बहुधा वेगळा असतो, म्हणून वसंतात ते इकडे फारसे दिसत नाहीत. कच्छच्या पक्ष्यांवर सलीम अलींचे पुस्तक १९४५ मध्ये निघाले. तेव्हापासून आजपर्यंत या शरदातल्या वाटसरूंसाठी लांबलांबून निरीक्षक तिथे जातात.

या वाटसरूंपैकी एक आहे युरोपीय नीलपंख. इंग्रजीतल्या जुन्या पुस्तकांत त्याला काश्मीर रोलर म्हटले आहे. आपला नेहमीचा नीलपंख, ज्याला कोणी चास तर कोणी नीळकंठ म्हणतात, तो तारेवर बसलेला आपण शेकडो वेळा पाहतो. उत्तर हिंदुस्थानात दसऱ्याच्या दिवशी त्याचे दर्शन शुभ मानतात. हे दोघे कच्छमध्ये सप्टेंबरात एकाच तारेवर बसू शकतात. मग ओळखायचे कसे? आपल्या नीलपंखाची छाती तपकिरी, जांभळट झाक असलेली, वर फिकट रेघा. परदेशी पाहुण्याचे डोके, गळा आणि पोट सगळे फिकट निळे, पाठ विटकरी. उडाला तर आपल्याचे पंख गडद निळे आणि त्यात फिकट निळा पट्टा, पाहुण्याच्या पंखांची टोके काळी. पुस्तकात हे दोन ओळींत संपते. पण दुपारच्या उन्हात, दोनशे पावलांवरून, पाठमोऱ्या पक्ष्याबद्दल हे ठरवायचे असेल, तर आधी आपला नीलपंख निरनिराळ्या उजेडात, निरनिराळ्या वयात, भिजलेला, पिसे फुगवलेला, सगळ्या अवस्थांत पाहिलेला असावा लागतो. ज्याने नेहमीचा नीट पाहिला नाही, त्याला दुर्मीळ एक तर कधीच दिसत नाही, नाही तर रोज दिसतो. दोन्ही सारखेच वाईट.

शरदात ही अडचण आणखी वाढते. पुस्तकांतली चित्रे बहुधा विणीच्या दिवसांतल्या नराची असतात, झगझगीत रंगांची. पण आपल्याकडे सप्टेंबरात उतरणारे नर बदक पिसे बदलण्याच्या मधल्या अवस्थेत असते आणि मादीसारखेच मळकट दिसते. खाटीक पक्ष्यांची कोवळी पिल्ले तर एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की, जाणकारही पिसांच्या कडा न्याहाळत बसतात. म्हणून या दिवसांत ‘ओळख पटली नाही’ हे वाक्य वहीत लिहिण्याची तयारी ठेवावी. ती कमीपणाची गोष्ट नाही. उलट, ज्याच्या वहीत हे वाक्य अधूनमधून येते, त्याच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास ठेवावासा वाटतो.

विश्वासाचा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे सांगण्यासाठी स्थलांतर न करणाऱ्या एका पक्ष्याची हकिकत सांगतो. ती आपल्या परिसराशीच जोडलेली आहे. पक्षी म्हणजे रानपिंगळा. हे लहान घुबड १८७२ मध्ये प्रथम मिळाले, त्यानंतर मोजके नमुने गोळा झाले, आणि १८८४ नंतर त्याचा पत्ता लागेना. पण पुस्तकांत एक नंतरची नोंद होती. कर्नल रिचर्ड माइनर्त्सहागेन या नामवंत ब्रिटिश संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवी इथे हा पक्षी मिळवल्याचे नोंदले होते आणि नमुनाही दाखवला होता. माणूस प्रतिष्ठित, नमुना समोर. शंका कोण घेणार?

ती शंका पॅमेला रासमुसेन यांनी घेतली. प्रत्येक संग्राहकाची पक्ष्याचे कातडे सोलण्याची, आत भरण्याची, शिवण्याची एक लकब असते, जशी प्रत्येक लेखकाची वाक्य बांधण्याची असते. माइनर्त्सहागेनच्या नमुन्यावर ती लकब दुसऱ्याच माणसाची निघाली. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात तयार केलेला नमुना ब्रिटिश संग्रहालयातून उचलून, थोडा बदलून, त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. मांडवीची नोंद सपशेल खोटी होती. ती बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी खऱ्या जुन्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरली, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! पुढे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात तो आणखी ठिकाणी सापडला, आणि आपल्या गुजरातेत डांगच्या जंगलातही त्याची खरी नोंद झाली.

मित्रहो, या हकिकतीत मला सर्वांत भयंकर वाटते ते असे: खोटी नोंद दिसायला खऱ्यासारखीच असते. तीच शाई, तोच कागद, तेच तारीखवार लेखन. ती पुस्तकात शिरली की पुढच्या प्रत्येक लेखकाच्या मानेवर बसते. जिथे पक्षी कधी सापडलाच नव्हता ते ठिकाण त्याचे म्हणून छापले जाते. आणि नाहीशा होत चाललेल्या जिवासाठी वेळ ही फार महाग वस्तू असते.

जसा खोट्याने तोटा होतो, तसा न लिहिण्यानेही होतो. भरतपूरच्या केवलादेव घना अभयारण्यात सैबेरियातून पांढरेशुभ्र क्रौंच येत. १९६० च्या दशकात ते दोनशेच्या आसपास होते. पश्चिम सैबेरियातून अफगाणिस्तानवरून येणाऱ्या त्या वाटेवर त्यांची शिकार होत राहिली, वाटेतली पाणथळे बिघडली, आणि दर शरदात येणाऱ्यांची संख्या घटत गेली. २००२ मध्ये शेवटची जोडी दिसली. त्यानंतर ते भरतपूरला आले नाहीत. आज आपण हे इतक्या ठामपणे सांगू शकतो, याचे कारण दरवर्षी कोणीतरी मोजत होते. ज्या वर्षी एकही आला नाही, त्या वर्षीही कोणीतरी काठावर उभे राहून ‘नाही’ असे लिहिले. ही ‘नाही’ची नोंद करायला फार चिकाटी लागते. दुर्मीळ पक्षी दिसला की दहा माणसे लिहितात. नेहमीचा पक्षी दिसेनासा झाला की कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण तो होता तेव्हा कोणी लिहिलेच नव्हते.

आपल्या मराठी संस्थानांचा या नोंदीच्या परंपरेत एक जुना धागा आहे, तो इथे आठवावासा वाटतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात अंक घातलेली धातूची वळी अडकवण्याचे काम १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेतले, तेव्हा त्यात धारच्या पवार महाराजांनी पुढाकार घेऊन बदकांना वळी घातली. त्या काळी संस्थानिकांचे आणि बदकांचे नाते बंदुकीचे असे, हे आपण जाणतोच. तिथे बदकाला पकडून, वळे घालून, पुन्हा सोडून द्यायचे म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. त्या वळ्यावर एक क्रमांक आणि सोसायटीला कळवा अशा अर्थाचे चार शब्द असत. असे वळे परदेशी कोणाच्या हाती लागून त्याने खरोखरच पत्र टाकले, की बदक मधला काळ कुठे होते ते इथे कळे. इतके छोटे पत्र, पत्ता अनोळखी, आणि वाचणारा कोण हे माहीत नाही. तरी उत्तर येई.

आज साधने बदलली. हातातल्या फोनवर नोंद होते आणि ती क्षणात सर्वांना दिसते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात ९४२ जातींचा विचार केला गेला, तो सुमारे ३०,००० हौशी निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींच्या आधारे. त्यातून १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवे असे दिसले. लांबचा प्रवास करणारे स्थलांतरित पक्षी इथल्या रहिवासी पक्ष्यांपेक्षा अधिक घटल्याचेही त्यातच आले. हे सत्य कोणा एकाला एका दुर्मीळ पक्ष्यात दिसलेले नाही. हजारो लोकांनी लिहिलेल्या कावळे, साळुंक्या, धोबी, चक्रांग यांच्या कंटाळवाण्या याद्यांतून ते वर आले.

पण साधन सोपे झाले की मोहही सोपा होतो. फोटो मिळावा म्हणून होडी थव्यात घालणे, दमून उतरलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उडवणे, हे आपल्या तलावांवर दिसते. हजारो किलोमीटर आलेल्या पक्ष्याच्या अंगात थोडीशी चरबी उरलेली असते. तीच त्याची शिदोरी. आपण त्याला एकदा उडवले की तिच्यातला घास कमी होतो. पाहुणा जेवायला बसला असताना त्याचे ताट ओढायचे नसते, एवढे आपल्याला घरात शिकवलेले असते.

आता शेवटी आपल्या संस्थेपुढे एक विनंती. बडोद्याने भाषेची मोठी कामे केली आहेत. कारभारातल्या शब्दांना निरनिराळ्या भाषांतले प्रतिशब्द जुळवून देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ मध्ये इथेच निघाला. एका वस्तूला सर्वांनी एकाच अर्थाचा शब्द वापरावा, म्हणजे कारभारात घोटाळा होत नाही, ही त्यामागची दृष्टी. पक्ष्यांच्या बाबतीतही ती लागू आहे. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ रचून मराठीला मोठी देणगी दिली. पण बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, गोवा इथल्या मराठी घरांत पक्ष्यांना काय म्हणतात, शेजारच्या भाषेतली कोणती नावे आपण उचलली, हे अजून पुरते टिपलेले नाही. ज्या पक्ष्याला लोक रोज पाहतात, त्याला लोकच नाव देतात. दुर्मीळाला ते पंडितांकडून मिळते. ‘दिवाळीघोडो’सारखी नावे आजींबरोबर निघून जाण्याआधी लिहून ठेवली, तर तीही स्थलांतराची नोंदच होईल. कोणता पक्षी केव्हा येत असे, किती दिसत असे, हे त्या नावांत आणि त्यांच्याबरोबर सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत दडलेले असते.

तरुण मित्रांना सांगणे इतकेच: येत्या भाद्रपदापासून एक वही करा. एक जागा ठरवा, मग ते सूरसागरचे काठ असो, अजवा असो की घरामागचे डबके. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, अर्धा तास बसा. तारीख, वेळ, ऊन की ढग, किती अंतरावरून, बरोबर कोण, हे सगळे लिहा. पक्षी अनोळखी वाटला तर पुस्तक उघडण्याआधी जे दिसले ते आपल्या शब्दांत लिहून काढा. पुस्तक उघडले की डोळे पुस्तकातलेच पाहू लागतात. जाणकाराने नोंदीवर प्रश्न विचारला तर रागावू नका. चांगला समीक्षक लेखकाला विचारतो तसाच तो प्रश्न असतो. आणि काहीच दिसले नाही, तर तेही लिहा.

पाच-दहा शरद असे गेले की, त्या जागी कोण केव्हा येतो ते तुम्हांला पाठ होईल. मग एखाद्या सकाळी त्यात न बसणारा पक्षी दिसेल. तेव्हा तो दुर्मीळ आहे हे तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही, आणि तुम्ही ते सांगाल तेव्हा लोक विश्वास ठेवतील.